मॉलमधला संकासुर

माझी बायको मंजुळा गेली तेव्हा मी खाली चहा आणायला गेलो होतो. हॉस्पिटलची लिफ्ट स्टाफसाठी राखून ठेवलेली, म्हणून हातात दोन कटिंग घेऊन जिना चढत वर आलो. वॉर्डच्या दारात तिथल्या आया, मावशी, उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, एकच आणायचा ना."

मला वाटलं, डॉक्टरांनी तिचा चहा बंद केला. मी वाद घातला. "अहो, अर्धा तरी घेऊ दे. सकाळपासून मागतेय." मावशींनी मला बाकावर बसवलं. तेव्हा कळलं.

रडायला पुढे पुष्कळ वेळ मिळाला. त्या क्षणी मला एवढंच सुचलं, "मग ह्या दुसऱ्याचं काय करू?" मावशींनी तो ग्लास घेतला आणि माझ्याशेजारी बसून सगळा प्यायल्या. ड्युटीवर बसायची परवानगी नसताना बसल्या. त्यांचे आभार मानायचे तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे मानतो.

दुसरं नुकसान कळायला थोडे महिने लागले. आमचं लालबागला मसाल्याचं लहान दुकान आहे. गिरणीच्या संपात माझा पगार बंद झाला तेव्हा मंजुळेनं लोकांच्या मिरच्या कांडून द्यायला सुरुवात केली, त्यातून हे 'मंजुळा मसाले' दुकान झालं. संपाबद्दल मी याहून जास्त बोलत नाही, ज्यांना तो चांगला सांगता येतो असे लोक आमच्या चाळीत भरपूर आहेत. मसाला तिच्या मागेही तोच होता. मिरच्या त्याच, भाजणारी बाई तीच, कांडायचा डंकाही तोच. पण गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. मला कारण समजेना. शेवटी आमच्या सुनेनं, दमयंतीनं, सांगितलं.

"बाबा, लोक मसाला न्यायला यायचे ते आईंशी बोलायला यायचे. तुम्ही गल्ल्यावर बसता ते मिरच्यांवर राखण ठेवल्यासारखे."

दमयंती माहीमच्या कोळीवाड्यातली. तिची आई, आजी, सगळ्या मासळी विकणाऱ्या. आमच्या घरात ती लग्न करून आली तेव्हा मंजुळा मला म्हणाली होती, "हिचा आवाज ऐकलात? ही दुकान चालवेल." मला तेव्हा तो आवाज घराला जरा मोठा वाटला होता. मंजुळेला माणसं माझ्याआधी कळायची.

आमच्या मुलाला, जगदीशला, मात्र दुकान चालवायचंच नव्हतं. एक मोबाईलवाला गाळा भाड्यानं मागत होता आणि जगदीशचं म्हणणं, बाबांनी आता आराम करावा. आराम हा शब्द मी गिरणी बंद पडल्यापासून फार ऐकला आहे. दमयंतीनं त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की हा मसाल्याचा सीझन जाऊ दे. एप्रिल-मेमध्ये माणसं वर्षभराचा मसाला भरतात. तेवढ्यात गिऱ्हाईक परत आलं तर दुकान राहील, नाहीतर मोबाईलवाला येईल. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गाळा गेला असता तर सकाळी उठून मला जायला जागा उरली नसती, पण हे मी कुणाला बोललो नाही.

मग दमयंतीनं मॉलचा विषय काढला. आमच्या जवळच्या मॉलमध्ये शनिवार-रविवारी लहान उद्योजकांना टेबल मिळणार होतं. तो मॉल एका गिरणीच्या जागेवर उभा आहे. मी आणि माझा मित्र दगडू, आम्ही दोघे त्याच गिरणीत साचेखात्यात, मागांवर, होतो. आता तिथे बायकांच्या चपला मिळतात. चपला चांगल्या आहेत, माझी तक्रार नाही.

ऑफिसात गळ्यात पट्टा घातलेली एक तरुण मॅडम होती. तिनं विचारलं, "काका, तुमच्या प्रॉडक्टची स्पेशालिटी काय?"

"तिखट आहे," मी म्हणालो.

तिनं ते लिहून घेतलं. मग अटी सांगितल्या. मसाल्याची पुडी उघडायची नाही, वास एसीतून सगळीकडे जातो. ओरडून विकायचं नाही. आणि प्रत्येक टेबलाबरोबर मुलांसाठी काहीतरी ॲक्टिव्हिटी हवी. म्हणजे वास न देता आणि तोंड न उघडता मसाला विकायचा आणि वर लोकांची पोरं रमवायची. मी उठायला लागलो. दमयंतीनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"कुठली ॲक्टिव्हिटी शिल्लक आहे, मॅडम?"

फुगे एका लोणचेवाल्यानं घेतले होते. मेंदी एका पापडवालीनं. उरलं होतं फेस पेंटिंग.

"आम्ही फेस पेंटिंग करू," दमयंती म्हणाली. इतक्या खात्रीनं म्हणाली की मलाही वाटलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलंय.

चाळीत बातमी गेली. तळमजल्यावरचा राजाराम इमारतींना रंग लावायची कंत्राटं घेतो. तो रात्रीचं जेवण तसंच टाकून वर आला. "तुळशीदास, एवढं मोठं काम घेतलंस आणि मला विचारलं नाहीस?" मी म्हटलं, कसलं मोठं? तर म्हणाला, "मॉलचा फेस रंगवायचा म्हणजे काय खेळ आहे? परांची बांधायलाच आठवडा जाईल. आणि बाहेरच्या बाजूला आत लावायचा रंग मारू नको हो, पावसात उतरेल." मी त्याला सांगितलं की मॉलचा नाही, मुलांच्या तोंडाचा फेस. त्यानं माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. मग म्हणाला, "मग प्राइमर लावणार की नाही?" मला अजूनही खात्री नाही की तो चेष्टा करत होता.

दमयंतीनं एक कॉलेजची मुलगी ठरवली होती, फुलपाखरं आणि वाघ काढणारी. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला की तिची परीक्षा पुढे ढकलून नेमकी शनिवारी आली आहे. दमयंती स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून उभी राहिली. सून झाल्यापासून मी तिला पहिल्यांदा गप्प बघितलं.

तेव्हा मीच म्हणालो, "दगडू आहे."

दगडूबद्दल सांगायला हवं. आमच्या गिरणीत कोकणातल्या माणसांचं दशावतारी मंडळ होतं. दशावतार म्हणजे देव आणि राक्षसांचं रात्रभर चालणारं नाटक. दगडू त्यात संकासुर करायचा. हा संकासुर ब्रह्मदेवाचे वेद चोरून पळतो आणि विष्णू त्याला गाठतो. आहे राक्षस, पण मुलांना देवापेक्षा तोच आवडतो, कारण सगळे विनोद त्याच्या वाट्याला आलेले. दगडू स्वतःचं तोंड स्वतः रंगवायचा आणि बाकीच्यांचंही. मी मंडळात ट्रंका उचलायचो. मला कधी स्टेजवर कुणी बोलावलं नाही आणि त्यात कुणाची चूकही नव्हती.

दगडू ऐकून खूश झाला नाही, गंभीर झाला. "माका रंगपट लागतलो," म्हणाला. रंगपट म्हणजे नटांनी रंग लावायची खोली. दमयंती म्हणाली, "काका, एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळतील." दगडूनं सुस्कारा सोडला. "चलात. देवानं पण गाभारो मागूक नाय, लोकांनी दिल्यानी."

शनिवारी सकाळी पहिली अडचण नारळानं केली. दगडू नारळ फोडल्याशिवाय ब्रश हातात घेईना आणि सिक्युरिटीवाला तो फोडू देईना. उदबत्ती लावली तर आग लागल्याची घंटा वाजेल म्हणाला. शेवटी न फोडलेला नारळ टेबलावर मसाल्याच्या पुड्यांशेजारी ठेवला. दोन बायकांनी त्याची किंमत विचारली. मसाल्याची कुणी विचारली नाही.

मग पहिली मुलगी आली. तिला फुलपाखरू हवं होतं. दगडूनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला आणि कामाला लागला. मला खरं तर काळजी वाटत होती, पण त्याचा हात बघताना मी काळजी विसरलो. काळ्यावर पांढरी रेघ अशी ओढत होता की ती ओढली जातेय असं वाटेना, आधीपासून तिथे होती आणि आता दिसायला लागली असं वाटे. त्यानं आरसा पुढे धरला. मुलीची आई किंचाळली. आरशात पूतना राक्षसीण होती.

"हे फुलपाखरू आहे?"

"फुलपाखरू आमच्या खेळात येणा नाय," दगडू म्हणाला.

आई भांडायला तोंड उघडणार, तोवर मुलीनं आरशात बघून दात दाखवले, आईच्या अंगावर गुरगुरली आणि आनंदानं पळत सुटली. ती सगळा मजला हिंडली. तिच्यामागून बाकीची पोरं आली आणि रांग लागली. कुणी स्पायडरमॅन मागितला तरी दगडू विचारायचा, "तो कोणाचो झील?" म्हणजे कुणाचा मुलगा. उत्तर मिळालं नाही की संकासुर काढायचा. काळं तोंड, कपाळावर पांढरे पट्टे, लाल ओठ. पोरं बघता बघता संकासुर होत होती. दमयंती रांगेतल्या आयांना पुड्या दाखवत होती. ओरडायला बंदी होती म्हणून ती हळू बोलत होती, पण कोळीवाड्यातलं हळू म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत सहज.

आता दगडूचा एक नियम होता. मंडळाचाच नियम होता तो. रंग चढला की माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, आणि मारली तर त्यानं ओ द्यायची नाही. एकदा गावाला खेळात दगडूच्या आईनं खालून "दगडू, जेवलंस काय रे?" म्हणून विचारलं, तर हा वळला नाही. आईनं पुढे कितीतरी दिवस त्याला वाढलं नाही, पण त्यानं नियम मोडला नाही. तर हाच नियम त्यानं मॉलमधल्या पोरांना शिकवला.

"नाव काय तुझा?"

"निहार."

"नाय! रंग चढलो की माणूस रवत नाय. तू कोण?"

"संकासुर!"

"रवतंस खंय?"

"पाताळात!"

"मी इचारलंय, संकासुरा, वेद खंय ठेवलंस, तर काय सांगशीत?"

"पोटात!"

निहार हा पाच-सहा वर्षांचा, पोट सुटलेला मुलगा. 'पोटात' म्हणताना त्यानं पोटावर अशी थाप मारली की दगडूचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी त्याला कुणीतरी शिष्य मिळाला होता.

दुपारी दगडू स्वतःचं तोंड अर्धं रंगवून ब्रश धुवायला गेला. मी त्याला वाट विचारून जा म्हटलं. "साचेखात्याची मोरी माका इचारूची?" म्हणाला आणि जुन्या गिरणीच्या हिशेबानं डावीकडे वळला. तो गेला आणि थोड्या वेळानं एक बाई धावत टेबलाशी आली. निहारची आई.

"माझा मुलगा कुठे आहे? इथेच होता!"

आम्ही इकडेतिकडे बघितलं. चहूकडे संकासुर होते. बाई प्रत्येकाजवळ जाऊन "निहार? निहार?" म्हणत होती आणि प्रत्येक संकासुर तोंड घट्ट मिटून उभा राहत होता. तिचा आवाज चिरकायला लागला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. माणूस आत्ता होतं आणि आत्ता नाही, तेव्हा चेहरा कसा होतो ते मला माहीत होतं.

मॅडम आल्या. माईकवरून सूचना सुटली, "निहार नाव का बच्चा, उम्र पाँच साल, चेहरा काला, माथे पे सफ़ेद पट्टे." सिक्युरिटीवाले एकेक संकासुर धरून आणायला लागले. नाव विचारलं की "संकासुर." पत्ता विचारला की "पाताळ." एका गार्डनं खरोखर वॉकीटॉकीवर विचारलं, "पाताल मतलब बेसमेंट वन या टू?" आणि दोन माणसं तळघरात गेली.

"तुमच्या आर्टिस्टला बोलवा!" मॅडम म्हणाल्या. आर्टिस्ट सापडेना. तो पुढे सापडला. गिरणीची मोरी होती तिथे आता बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे, आणि अर्धं तोंड रंगवलेला दगडू तिथल्या ट्रायल रूमचे पडदे सारत नळ शोधत होता. पण हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मॅडम पोलिसांना फोन लावायला लागल्या. निहारची आई जमिनीवर बसली.

दमयंती माझ्याकडे वळली. "बाबा, पोरांना काका शिकवत होते ते काय होतं? विचारलं की ओरडतात ते? मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हाला येतं."

"मला? मी ट्रंका उचलायचो."

"पण ऐकलंय ना?"

ऐकलं होतं. कितीतरी रात्री पडद्यामागे ट्रंकेवर बसून ऐकलं होतं. दमयंतीनं मॅडमच्या हातातला माईक घेतला, म्हणजे काढून घेतला, आणि माझ्या हातात कोंबला. मंजुळा गेल्यापासून मी मोठ्यानं बोललो नव्हतो. गिऱ्हाइकाला सुद्धा बोटानं दाखवायचो. मी माईक तोंडाशी धरला. पहिल्यांदा नुसता श्वास वाजला. मग मी डोळे मिटले आणि विष्णूसारखा गरजलो.

"संकासुरा ऽ ऽ! वेद खंय ठेवलंस?"

क्षणभर सगळा मॉल थांबला. आणि मग वरच्या मजल्यावरून, सरकत्या जिन्यावरून, चपलांच्या दुकानातून, आइस्क्रीमच्या रांगेतून एकदम आवाज आला, "पोटात!" आणि त्यातला एक आवाज माझ्या गुडघ्यापाशी आला. दमयंतीनं टेबलावरची चादर वर उचलली. खाली मसाल्याच्या खोक्यांमध्ये निहार बसला होता. पाताळात. शिंकून शिंकून त्याच्या नाकावरचा रंग गेला होता, पण तो स्वतःच्या नावाला जागला नव्हता, संकासुराच्या नावाला जागला होता.

आईनं त्याला ओढून छातीशी धरलं, मग एक धपाटा दिला, मग पुन्हा धरलं. "निहार, असं करतात का रे?" निहार गप्प. शेवटी बिचारी म्हणाली, "संकासुरा, बाबा रे, घरी चल." तेव्हा तो उठला. दोघांच्याही तोंडावर काळा रंग.

लोक जमले होते. सगळे आमच्या टेबलाकडे बघत होते आणि माईक अजून माझ्या हातात होता. मला तो कुणाला द्यायचा सुचेना, म्हणून मी बोलायला लागलो. मंजुळा गिऱ्हाइकाला सांगायची ते सगळं सांगितलं. कालवणात मसाला कधी घालायचा, तेलात आधी का नाही घालायचा, नवी सून असेल तर किती घालायचा आणि सासू असेल तर किती. ते मी वर्षानुवर्षं शेजारी बसून ऐकलं होतं आणि मला वाटायचं, मी ऐकतच नाही. बायका हसत होत्या. एकीनं पुडी उघडून वास घेतला आणि मी तिला अडवलं नाही. मॅडमनी माईक परत घेतला तेव्हा टेबलावर नारळ तेवढा उरला होता.

"बाबा," दमयंती म्हणाली, "तुम्हाला बोलता येतं?"

सोमवारी मॉलचं इंग्रजी पत्र आलं. दमयंतीनं वाचून दाखवलं. वास, परवानगी नसलेली घोषणा आणि बायकांच्या दुकानात शिरलेला आर्टिस्ट, या तीन कारणांनी आम्हाला पुन्हा टेबल मिळणार नाही. "पण शेवटी विश यू ऑल द बेस्ट लिहिलंय," ती म्हणाली. दगडूला ते पत्र हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी लेखी आर्टिस्ट म्हटलं होतं.

आता चाळीत सगळे विचारतात की लहान धंदेवाल्याला हे फेस पेंटिंग परवडतं का. मी माझं मत सांगतो. ज्याला फुलपाखरू काढून घ्यायचंय त्यानं करू नये. पोरं तोंड रंगवून घेतात आणि घरी जातात, टेबलावर काय होतं ते आईबापांच्या लक्षातही राहत नाही. पण ज्याच्याकडे दगडूसारखा माणूस आणि दमयंतीसारखी सून असेल त्यानं जरूर करावं. ती सून मॉलमध्ये भाड्यानं मिळत नाही, एवढीच अडचण.

कारण खरं काम तिनं पुढे केलं. फोन यायला लागले. "संकासुरवाले का? तो संकासुर मसाला पाठवा." मंजुळा मसाला कुणी मागत नव्हतं. दुकानात लहान मुलं आईला ओढत आणायची आणि दारातून ओरडायची, "वेद खंय?" आणि मला गल्ल्यावरून पोटावर थाप मारून उत्तर द्यावं लागायचं. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण गिऱ्हाईक परत आलं. जगदीशनं मोबाईलवाल्याला नाही सांगितलं. ते मला राजारामकडून कळलं. बाप-लेक असल्या गोष्टी एकमेकांना सांगत नाहीत, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

एका संध्याकाळी दमयंतीनं माझ्यापुढे नवी पुडी ठेवली. वर दगडूनं काढलेला संकासुर, खाली 'संकासुर मसाले'. "अजून छापलेलं नाही, बाबा. नमुना आहे. तुम्ही नको म्हणालात तर नको. आईंचं नाव मागच्या बाजूला बारीक टाकू."

मी पुडी उलटीसुलटी केली. संकासुर फार चांगला आला होता. दमयंती माझ्याकडे बघत नव्हती, तराजू पुसत होती. ती बरोबर होती आणि बरोबर असून तिला वाईट वाटत होतं, अशी माणसं फार नसतात.

"बारीक नको," मी म्हणालो. "तुझ्या सासूनं बारीक काही केलं नाही. पुढे संकासुर टाक. तिला विचारलं असतं तर तिनं आधीच छापायला दिलं असतं."

"नक्की?"

"नक्की."

पुड्या छापून आल्या, त्या खपतायत. दुकानाची नवी पाटी राजारामनं रंगवून दिली आहे, प्राइमर लावून. ती भिंतीला टेकून उभी आहे. शिडी राजारामनं कधीच आणून ठेवली, आणि दगडू रोज विचारतो, "तुळशा, आज करूया?" दमयंती विचारत नाही.

मंजुळेच्या नावाची पाटी मी अजून उतरवलेली नाही.